नववीच्या वर्गातून गळणारी मुले

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यावस्त्यांत गुणवंतांचे सत्कार होतात. बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार, मुलाच्या हाती ग्रंथ, पाहुण्यांची भाषणे. हे झालेच पाहिजे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हाही सत्काराची सभा भरली होती आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले होते. त्या एका भेटीने पुढे काय घडविले, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. पण आमचा प्रश्न निराळा आहे. जी मुले दहावीच्या परीक्षेपर्यंत पोचलीच नाहीत, त्यांची यादी कोणत्या मंडळाकडे, कोणत्या विहार समितीकडे आहे?

मास्तरांना विचारा, ठरलेले उत्तर मिळते : ‘या पोरांना अभ्यासाची गोडीच नाही.’ गोडी काय आईच्या पोटातून येते? असरच्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या मुलामुलींपैकी सुमारे २५ टक्क्यांना आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सफाईने वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित फक्त ४३.३ टक्क्यांना जमले. ही देशाची स्थिती आहे, एका जातीची नव्हे. ज्याला भागाकार येत नाही त्याच्यापुढे नववीत बीजगणित येते. त्याला काहीच कळत नाही आणि कळत नाही असे म्हणण्याची सोय नाही, कारण म्हटले की वर्ग हसतो. मग तो मागच्या बाकावर जातो, तिथून शाळेच्या गेटाबाहेर आणि तिथून गॅरेजवर किंवा बिगारीवर. मुलगी असली तर घरकामात आणि धाकट्या भावंडांत अडकते. रोज अपमान गिळणाऱ्या मुलाला आपण आळशी म्हणतो, हा दुसरा अपमान.

व्यवस्थेचा डाव नीट समजून घेतला पाहिजे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १४ वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंतच हात देतो. आठवीपर्यंत नापास करायचे नाही आणि त्याबरोबर सतत मूल्यमापन करून कच्चे मूल पक्के करायचे, असा तो कायदा होता. पहिला भाग पाळणे सोपे होते, तो पाळला गेला. दुसऱ्या भागाची कागदे भरली गेली. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीला नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने या दोन्ही इयत्तांना वार्षिक परीक्षा आणली. नापास मुलाला पूरक मार्गदर्शन देऊन फेरपरीक्षा घ्यावी, असे नियम म्हणतो. ते मार्गदर्शन खरोखर होते की नाही, हे कोण पाहतो? तापमापक लावल्याने ताप उतरत नाही. नववीत तर कायद्याचा हात सुटलेलाच असतो. दहावीच्या निकालाची टक्केवारी सांभाळायची म्हणून कच्च्या मुलाला नववीतच अडकवायचे किंवा ‘सतरा नंबरचा फॉर्म भर’ म्हणून बाहेरची वाट दाखवायची, हे प्रकार कोणाला ठाऊक नाहीत?

यावर आपल्या चळवळीजवळ उत्तर आहे आणि ते शंभर वर्षांचे जुने आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले, तेही हायस्कुलात शिकणाऱ्या मुलांसाठी. पण सभा केवळ राहण्या-जेवणाची सोय करून थांबली नाही. वसतिगृहातली मुले ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवीत. मुंबईत सभेने मोफत वाचनालय उघडले, मुलांसाठी हॉकी क्लब काढला. म्हणजे मुलाला पोटाला भाकरी लागते, तसे त्याच्या डोक्याला, हाताला आणि पायाला स्वतःचे काम लागते, हे तेव्हाच ओळखले गेले होते. त्याही आधी, १८५५ साली, फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे हिचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. आजच्या माध्यमिक शाळेतल्या मुलीएवढ्या वयाची ती मांग समाजातली मुलगी, वेद वाचण्याचा अधिकार नाकारलेल्यांचा धर्म कोणता, असे धर्ममार्तंडांना विचारत होती. तिला गोडी कुठून आली? आपल्या जगण्याविषयी विचारण्याची मोकळीक शाळेने दिली, तिथून आली.

तेव्हा काम विहारापासून सुरू करू. विहारात संध्याकाळी दोन तास अभ्यासिका चालवा. वस्तीतल्या कॉलेजच्या मुलांनी नववीच्या मुलांचा भागाकार आणि वाचन आधी पक्के करावे, बीजगणित नंतर. नववीच्या मुलाकडे पाचवीची दोन मुले सोपवा. जो शिकवतो तो शिकतो आणि आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत हे त्याला कळते. दर महिन्याला मुलांनीच लिहिलेले भित्तिपत्रक विहाराच्या भिंतीवर लागू द्या. पाहुणा म्हणून दर वेळी कलेक्टरच कशाला? आयटीआय करून नोकरीला लागलेला, नर्सिंग केलेली, आपल्याच गल्लीतली माणसे बोलवा. ती वाट मुलाला चालण्याजोगी वाटते.

आठवीच्या मुलांना एनएमएमएस परीक्षेला बसवा. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या ज्या मुलांच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे, त्यांना निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. नववी-दहावीच्या अनुसूचित जातीच्या मुलांना मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे. अर्ज, बँक खाते, आधार जोडणी ही कामे समितीने अंगावर घ्यावीत. आणि मुख्याध्यापकांना ठणकावून सांगावे, की शिष्यवृत्तीसाठी भरवर्गात जात पुकारून मुलांना उभे करणे बंद करा.

आषाढी पौर्णिमेपासून वर्षावासाचे तीन महिने विहाराविहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. वाचणारे बहुधा वडीलधारे असतात आणि मुले मागे पेंगत असतात. यंदा ग्रंथ नववीतल्या मुलीच्या हाती द्या. ती अडखळेल, अडखळू द्या. वडीलधाऱ्यांनी ऐकावे आणि मुलांनी प्रश्न विचारावेत. बाबासाहेबांच्या तीन आज्ञांतली पहिली ‘शिका’ ही आहे. ती मुलांना ऐकवण्याआधी, मूल शिकेल अशी जागा करून देणे हे आपले, मोठ्यांचे काम आहे. नववीतून गळणाऱ्या मुलांची यादी करण्यापासून आजच सुरुवात होऊ द्या.