निवाड्याची पूर्वपीठिका

दिवाळीच्या सुटीत पुण्याहून धाराशिवास आलेला माझा पुतण्या फराळाचे ताट बाजूस सारून संगणकापुढे गंभीर मुद्रेने बसलेला दिसला, म्हणून सहज चौकशी केली, तर म्हणाला, “काका, दोघं अडकलेत आणि एकालाच सोडवता येतंय.”

कॅनडातील बायोवेअर या संस्थेने 2007 साली काढलेल्या ‘मास इफेक्ट’ नामक अंतराळभ्रमणाच्या खेळात शेपर्ड या सेनाधिकाऱ्याची मुखत्यारी खेळणाऱ्याकडे असते. विर्मायर नामक ग्रहावरील शत्रूचे ठाणे अणुबाँबने उडविण्याच्या मोहिमेत अ‍ॅशली विल्यम्स आणि कैदन अलेन्को हे त्याचे दोन सहकारी दोन ठिकाणी एकाच वेळी वेढले जातात. एकाकडे धाव घेतली की दुसऱ्याचा अंत अटळ, कारण दोघांच्याही सुटकेची तजवीज खेळाच्या कर्त्यांनी मुळात ठेवलेलीच नाही. वाचलेला सहकारी मग बैठकीत, त्याला तिथे मागे कसे टाकले, असा सवाल अधिकाऱ्यास करतो. आणि तोच डाव 2010 व 2012 सालच्या पुढील भागांत चालू ठेवला तर गेलेला गेलेलाच राहून अखेरीस यानातील स्मृतिफलकावर त्याचे नाव तेवढे दिसते.

दोघांतील अधिक उपयोगी कोण, अधिक सज्जन कोण, यावर पुतण्याची मसलत बराच वेळ चालली होती. माझे चित्त मात्र निराळ्याच गोष्टीने वेधले. कोण कोठे अडकला, हे त्या निकराच्या घटकेस ठरलेले नसतेच. मोहिमेच्या आरंभी दोघांपैकी एकास दुसऱ्या तुकडीबरोबर धाडावयाचे असते, आणि ती नेमणूक खेळणारा बहुधा फारसा विचार न करता, एखादा किरकोळ अर्ज मंजूर करावा तशी, करून टाकतो. याच ग्रहावर रेक्स नावाचा तिसरा सहकारी, आपल्या वांझपणाने ग्रासलेल्या जमातीवरील उपाय या ठाण्याबरोबर नष्ट होणार हे कळताच, अधिकाऱ्यावर बंदूक रोखतो. पूर्वी कधीतरी, मुख्य कामगिरी सोडून, त्याच्या पूर्वजांचे हरवलेले चिलखत शोधून आणून दिलेले असेल, तर तो समजुतीने घेतो, आणि तसे केलेले नसून वक्तृत्वही तोकडे पडले, तर तेथेच प्राणास मुकतो. ज्या दिवशी चिलखत आणून दिले, त्या दिवशी आपण कोणाचा जीव वाचवीत आहोत याची कल्पना खेळणाऱ्यास नसते.

आमच्या जिल्ह्यास ही गोष्ट नवी वाटू नये. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेशविसर्जन आटोपून लोक नुकते कोठे निजले असता, पहाटे चारच्या सुमारास जो भूकंप झाला, त्यात किल्लारीइतकेच तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील सास्तूरही उद्ध्वस्त झाले. ढिगाऱ्यापुढे उभे राहून, ज्या बाजूने हाक ऐकू येते तेथे आधी खणावे की जेथे काहीच ऐकू येत नाही तेथे, हा निवाडा करण्याची पाळी कित्येकांवर आली. तथापि बहुतेक निवाडे फार पूर्वीच लागून गेले होते. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींच्या आतल्या व बाहेरल्या थरांस सांधणारे आरपार दगड गवंड्याने घातले नव्हते. आणि गळती थांबून मुलेबाळे कोरडी राहावीत या मायेपोटी माळवदावर वर्षानुवर्षे चढविलेल्या मातीने छपराचे ओझे वाढत गेले होते. त्यात दुष्टबुद्धी कोणाचीच नव्हती.

नीतीची चर्चा करणारे आपण सारे त्या अखेरच्या घटकेवर लुब्ध असतो, कारण तिच्यात नाट्य आहे आणि निर्णय घेणाऱ्याचा चेहरा तिच्यात स्पष्ट दिसतो. खेळातली ती घटका फिरून खेळता येते, म्हणून तिच्यावर वाद घालणे सोयीचेही पडते. भूकंपातून जी घरे तगून राहिली होती, त्यांच्या भिंतींत आरपार दगड बसविण्याचे आणि माळवदावरील माती उतरविण्याचे जे काम झाले, त्यात असले नाट्य काहीच नव्हते; परंतु विवेकाची खरी कसोटी मला तेथे दिसते, कारण आपण कोणाला वाचविले हे ती माती उतरविणाऱ्यास कधीच कळणार नसते आणि कोणी त्याचे आभारही मानणार नसते. म्हणून शाळेच्या इमारतीचा, तलावाच्या बांधाचा वा साध्या घरकुलाचा कागद ज्याच्यापुढे मंजुरीस येतो, त्याने त्या छपराखाली निजणार कोण, एवढी चौकशी सहीपूर्वी अवश्य करावी.