डावे वळण आणि सायकलस्वार

सायकलींचे शहर म्हणून एके काळी ज्याचा देशभर लौकिक होता, त्या पुण्यात सायकलवरून जाणारा मनुष्य आज केवळ इतरांच्या मेहेरबानीने रस्त्यावर वावरतो. आणि ही मेहेरबानी जेथे हटकून संपते, ते ठिकाण म्हणजे चौक. सरळ रस्त्यावर त्याच्या वाट्याला धूर, भोंगे आणि शेलक्या शिव्या येतात, जिवावरचा प्रसंग गुदरतो तो वळणाच्या जागी. तरीही सायकलींसाठी जी काही तजवीज आपल्याकडे होते, ती दोन चौकांच्या मधल्या पट्ट्यापुरती; चौक जवळ आला की मार्गिका लुप्त होते आणि सायकलस्वार दैवाच्या हवाली केला जातो.

आपली रहदारी डाव्या बाजूने चालत असल्यामुळे सायकलस्वाराची जागा डाव्या कडेला ठरलेली. आणि बस किंवा डंपर डावीकडे वळू लागला, की त्याचे मागचे चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग न येता आत कापत येते व सायकल आणि पदपथ यांच्यामधली हातभर जागा पाहता पाहता नाहीशी करते. उजवीकडे उंच आसनावर बसलेल्या चालकाला डाव्या दाराखालचा तो इसम पुष्कळदा दिसतच नाही. डाव्या खिडकीतून मान बाहेर काढून पत्र्यावर थाप मारणाऱ्या क्लीनरने किती जीव वाचवले असतील, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही! जेथे क्लीनर नाही, तेथे चालकाने वळण्यापूर्वी वेग मोडून डावीकडे पाहावे आणि सायकलस्वाराने अवजड वाहनाच्या डाव्या बगलेत न शिरता त्याच्या मागे राहावे, हे दोघांच्याही हाती आहे.

सायकलस्वार सारे निर्दोष असतात, असे आमचे म्हणणे नाही. उलट दिशेने येणारे आणि रात्री दिव्यावाचून हिंडणारे त्यांच्यातही आहेत. परंतु बत्ती नसलेल्या किंवा डबलसीट जाणाऱ्या सायकलवाल्याला भर रस्त्यात अडवणारा पोलिसी अंमल ज्या शहराने पाहिला, त्याच शहरात झेब्रा पट्ट्यांवर चढून उभ्या राहणाऱ्या मोटारींच्या बाबतीत मात्र कायद्याची नजर सोयीस्करपणे अधू होते. लाल दिवा ओलांडणे हे मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने धोकादायक वाहनचालनात गणले आहे. तरतूद आहे, पण अंमलबजावणीची वानवा आहे.

नेदरलँड्समध्ये मोटारींखाली मुले चिरडली जाऊ लागली, तेव्हा १९७० नंतरच्या दशकात नागरिकांनी चळवळ उभारली आणि सरकारला आपले धोरण बदलणे भाग पडले. तेथील अनेक चौकांत आज कोपऱ्यांवर असे उंचवटे बांधलेले आढळतात, की मोटारीला वळताना मंदावणे भागच पडते आणि सायकलस्वार तिच्या बगलेत न राहता चालकाच्या डोळ्यांसमोर येतो. तेथे सुरक्षितता चालकाच्या सौजन्यावर सोपवलेली नाही, ती दगडविटांत बांधून काढलेली आहे, आणि आम्हांस हाच मार्ग पसंत आहे. कारण सौजन्याची भरती करता येत नाही.

पुणे महापालिकेने २०१७ च्या अखेरीस सायकल आराखडा मंजूर केला. त्यापोटी यापुढे जो पैसा खर्ची पडेल, तो मार्गिकांवर रंग फासण्यात न दवडता प्रथम चौकांचे कोपरे बांधण्यात घालावा. आणि ते काम होईपर्यंत वाहतूक शाखेने थांबारेषा ओलांडून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मोटारीकडून, मालक कितीही मोठा असला तरी, दंड वसूल करावा.