शूटिंगचा पैसा आणि शेततळे

परदेशी चित्रपटाचे शूटिंग आले की गावाचे भाग्य उजळते, असा समज आपल्याकडे हळूहळू रुजतो आहे. सरकारनेही हात सैल सोडला. २०२२ साली कान महोत्सवात सवलत योजना जाहीर झाली. परदेशी निर्मात्याने भारतात केलेल्या खर्चाचा काही भाग सरकारने परत द्यायचा, अशी ती योजना. २०२३ साली ही परतफेड ४० टक्क्यांपर्यंत आणि कमाल ३० कोटी रुपयांपर्यंत वाढवण्यात आली.

मग आमच्या जालन्याने का मागे राहावे? विमानतळ तासाभराच्या अंतरावर, समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेलेला, आणि उन्हाळ्यात नजर पोहोचेल तिथवर उघडा माळ. कॅमेऱ्याला आणखी काय हवे?

मी अनेक वर्षे बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासले. त्या सवयीने मला निराळाच प्रश्न पडतो. पैसा येईल हो, पण मुरेल कुठे? सवलतीचा हिशेब देशात झालेल्या खर्चावर चालतो. शूटिंग बदनापुरात झाले आणि गाड्या, जनरेटर, आचारी, सुतार सगळे मुंबईहून आले, तरी निर्मात्याची सवलत कमी होत नाही. आमच्या वाट्याला चहाची बिले आणि तुडवलेली शेते.

जालनेकरांना हे समजायला अर्थशास्त्र नको, कडवंची पुरे. कडवंचीवर पाऊस आसपासच्या गावांइतकाच पडतो. पण त्या गावाने पाणलोटाची कामे केली, शेततळी खोदली, आणि कोरडवाहू शिवारात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. शूटिंगचा पैसाही वळवाच्या सरीसारखा असतो. आधी तळे खोदले असेल तरच तो कामाचा.

स्पेनमधल्या आल्मेरियाचे उदाहरण पाहा. मराठवाड्यासारखाच रखरखीत, गरीब मुलूख. १९६० च्या दशकात इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओने तिथे आला आणि काउबॉयपटांची रांग लागली. पुढच्या दशकात ती लाट ओसरली. पण ताबेर्नासजवळ १९६५ च्या चित्रपटासाठी उभारलेले लाकडी गाव वाया गेले नाही. ज्या स्थानिक मंडळींनी गर्दीतली कामे केली होती, त्यांनीच ते विकत घेऊन पर्यटकांसाठी खुले केले. आणि बाकीचा प्रांत? तो सावरला प्लॅस्टिकच्या छताखाली पिकवलेल्या भाजीपाल्यावर. सिनेमा हा जोडधंदा. पोट भरले ते शेतीने. बियाण्यांच्या आणि सळयांच्या जालन्याने हा क्रम विसरू नये.

आपली सवय मात्र फुकट गर्दी करण्याची. ॲटनबरो यांच्या 'गांधी' चित्रपटातली अंत्ययात्रा ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीत चित्रित झाली. तीन लाखांवर माणसे जमली होती. त्यांतली चौऱ्याण्णव हजारांवर किरकोळ मानधनावर, बाकीची स्वखुशीने. गांधीजींसाठी ते शोभले. प्रत्येक गोऱ्या निर्मात्यासाठी शोभणार नाही.

म्हणून निर्मात्यांना निमंत्रणे धाडण्याआधी घरची तयारी हवी. मंडपवाले, सुतार, रंगारी, शिंपी, वाहनचालक यांची तालुकावार यादी जिल्हाधिकारी कार्यालयात असावी. परवानगी देतानाच किती कामे स्थानिकांना मिळणार, हे लेखी ठरावे. मजुरी थेट खात्यात जमा व्हावी, मुकादमाच्या हातून नव्हे. जागेचे भाडे ग्रामपंचायतीच्या दप्तरी दिसावे, आणि पिकाचे नुकसान भरून देण्यासाठी निर्मात्याकडून आधीच अनामत घ्यावी. शिवाय आयटीआयमधल्या चार मुलांना प्रकाशयोजनेचे काम शिकवता आले, तर पाहुणे गेल्यावरही हातात काही उरेल.

हे केले नाही, तर पडद्यावर आमचा माळ दिसेल, आम्ही टाळ्या वाजवू, आणि त्याच माळावरची पोरे कामासाठी पुण्याची गाडी धरतील.