‘थोडा ब्रेक’ म्हणजे नेमका किती? आणि ते ठरवतं कोण?

जपानच्या सेंदाई शहरात १९८७ मध्ये मेट्रो सुरू झाली, तीच फझी लॉजिकच्या भरवशावर. लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या या गणितात ‘वेग जरा जास्त असेल, तर ब्रेक थोडा लावा’ असे नियम चालतात. पण ‘थोडा’ म्हणजे किती? पूर्वी हे आकडे जाणकार माणसं अनुभवाने बसवायची. आता जेनेटिक अल्गोरिदमसारख्या पद्धती कॉम्प्युटरवर आकड्यांचे असंख्य संच तपासून त्यातला सर्वात चांगला निवडतात. यालाच ट्यूनिंग म्हणतात.

मेख इथेच आहे. ‘चांगला’ कशाला म्हणायचं, हे माणूसच सांगतो. फक्त वीजबचत मोजायला सांगितली, तर प्रवाशांना बसणारे धक्के हिशेबातच येत नाहीत. त्यामुळे ‘हे कॉम्प्युटरने ठरवलंय’ असं कुणी म्हटलं, तर विचारा: त्याला मोजायला काय सांगितलं होतं?