यंत्र आले, वाटणीचे काय?

लहान कारखान्यात नवे यंत्र येते तेव्हा त्याचे स्वागत करावे की त्याला विरोध करावा, असा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांना वारंवार पडतो. आमच्या मते प्रश्नाची ही मांडणीच सदोष आहे.

हडपसर-मांजरीसारख्या, पुण्याभोवतीच्या कोणत्याही पट्ट्यातील सुटे भाग बनविणारी लहान शेड पाहावी. साध्या लेथपाशी एक टर्नर उभा असे. माप त्याच्या हातात व नजरेत असे. सीएनसी लेथवर ते माप प्रोग्राममध्ये जाते आणि एकच माणूस दोन-तीन यंत्रांवर जॉब चढवितो-उतरवितो. काम अचूक होते, माल कमी वाया जातो, अंगमेहनत घटते. हे लाभ नाकारणे म्हणजे समाजवादाच्या नावाने मागासलेपणाची तरफदारी करणे होय.

परंतु हे लाभ जातात कोठे? यंत्र बहुधा बँकेच्या कर्जावर येते आणि हप्ता चुकू नये म्हणून ते रात्रपाळीतही चालवावे लागते. उत्पादनखर्च उतरला की खरेदीदार कंपनी दर उतरवून मागते. लघुउद्योगांची देणी चुकती करण्यास २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांची मर्यादा घातली आहे. पण पुढच्या ऑर्डरच्या आशेवर जगणारा मालक तक्रार करण्यास धजत नाही. अशा रीतीने वाढीव उत्पादकतेचे फळ शेडमधून वर निघून जाते आणि तुटीचा भार मजुरीवर पडतो.

कामगाराचे नुकसान सहसा डोळ्यांवरही येत नाही. उघड छाटणी न करता सोडून गेलेल्याची जागा रिकामी ठेवता येते, अथवा जुन्या टर्नरच्या जागी कंत्राटी वा शिकाऊ मुलगा उभा करता येतो. ज्या यांत्रिक सुधारणेमुळे छाटणी संभवते, तिच्यासाठी २१ दिवसांच्या पूर्वसूचनेची तरतूद औद्योगिक विवाद कायद्यात होती व नव्या संहितेतही ती आहे. पण जेथे छाटणी कागदावरच येत नाही, तेथे ही सूचना देणार कोण? १९४८ च्या कायद्याने वीज वापरणाऱ्या १० कामगारांच्या शेडलाही कारखाना मानले होते. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या संहितेत हा आकडा २० आहे. म्हणजे यंत्रामुळे हात कमी झाले की उरलेले हातही कारखान्यासाठीच्या तरतुदींबाहेर पडू शकतात.

उपायाची दिशा मात्र नवी नाही. १९५५ साली कर्वे समितीने लघुउद्योगांतील तंत्रसुधारणा बेकारी न वाढविता टप्प्याटप्प्याने व्हावी, असा आग्रह धरला. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने तीन अटी सांगितल्या: असलेल्या कामगारांची छाटणी वा कमाईत घट होऊ नये, लाभाची समाज, मालक व कामगार यांच्यात न्याय्य वाटणी व्हावी, आणि कामाचा बोजा उभयपक्षी मान्य तज्ज्ञांनी ठरवावा. या अटी संघटनेच्या बळावरच पाळल्या जाऊ शकतात, आणि आठ-दहा माणसांच्या शेडमध्ये नेमके तेच बळ नसते.

म्हणून वाटाघाट शेडनिहाय न होता पट्टानिहाय व्हावी आणि तीत खरेदीदार कंपनीलाही बसविले जावे. लाभ जेथे जाऊन साठतो, तेथूनच वाटणी मागितली पाहिजे. नव्या यंत्राचे आणि प्रोग्रामिंगचे शिक्षण प्रथम शेडमधील जुन्या कामगारास मिळावे, व तेही पगारी वेळेत. पट्ट्यातील कंत्राटी व शिकाऊ कामगारांना एकाच युनियनमध्ये आणावे. देणी वेळेवर मिळावीत या मागणीसाठी लहान मालकाशी हातमिळवणी करण्यास आपण संकोचू नये. मात्र मजुरीच्या प्रश्नावर त्याला सूटही देऊ नये.

यंत्राविरुद्ध घोषणा देणे सोपे आहे. शेडोशेडी जाऊन कामगारांची यादी करणे, यंत्र येण्यापूर्वीची मजुरी आणि आजची मजुरी नोंदविणे, हे काम कंटाळवाणे आहे. पण या नोंदीवाचून वाटणीची मागणी उभीच राहू शकत नाही. कार्यकर्त्यांनी आता त्याच कामास लागावे.