१८ वर्षांच्या पोराची किंमत किती? बेसबॉलमधल्या ‘प्रॉस्पेक्ट’च्या बाजाराचं गणित

१ ऑगस्ट २०२५ ची संध्याकाळ. क्लायंटसोबतचा नेहमीचा कॉल. आमच्या टीममधला सॅन दिएगोचा एक सहकारी तोंड पाडून बसला होता. विचारलं तर म्हणाला, “आमच्या टीमने काल आमचं भविष्य विकलं.”

त्याची टीम म्हणजे सॅन दिएगो पाड्रेस आणि ‘भविष्य’ म्हणजे लिओ डी व्रीस नावाचा १८ वर्षांचा मुलगा. मोठ्या लीगमध्ये तो अजून एक मॅचही खेळला नव्हता. तरी त्याच्या जाण्याने शहरभर हळहळ. मला बेसबॉलमधलं फारसं काही कळत नव्हतं, पण एक प्रश्न डोक्यात बसला: जो अजून खेळलाच नाही त्याची किंमत ठरवतात तरी कशी? नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं, की हा खेळाचा कमी आणि डेटाचा जास्त प्रश्न आहे. म्हणून आज त्याबद्दल.

आधी थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेत मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० टीम आहेत. प्रत्येक टीमच्या खाली मायनर लीगच्या चार मुख्य पायऱ्या असतात: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. म्हणजे एकूण १२० छोट्या टीम. त्याखाली अगदी नवख्यांसाठी आणखी लीग आहेत. पोरं खालून वर चढत जातात आणि बहुतेक जण मध्येच कुठेतरी थांबतात. ज्यांच्याकडून आशा असते त्यांना ‘प्रॉस्पेक्ट’ म्हणतात.

आपल्याकडे आयपीएलमध्ये खेळाडू लिलावात पैसे मोजून घेतात. बेसबॉलमध्ये सीझनच्या मध्यावर टीम आपापसात थेट खेळाडूच बदलतात. याला ट्रेड म्हणतात. दरवर्षी याची एक शेवटची तारीख असते, २०२५ मध्ये ती ३१ जुलै होती. ज्या टीमला यंदाच जिंकायचंय ती आपले प्रॉस्पेक्ट देते आणि तयार खेळाडू घेते. जी टीम यंदा हरणारच आहे ती उलटं करते.

त्या दिवशी पाड्रेसने अ‍ॅथलेटिक्स या टीमकडून दोन बॉलर घेतले: मेसन मिलर आणि जे. पी. सीयर्स. बदल्यात चार तरुण खेळाडू दिले, त्यातला हिरा म्हणजे डी व्रीस. मिलर कोण? ज्याचा फास्टबॉल सरासरीच ताशी १६० किलोमीटरच्या वर जातो असा माणूस.

.२४५ चा बॅटर आणि देशात तिसरा?

डी व्रीस डोमिनिकन रिपब्लिकचा. जानेवारी २०२४ मध्ये पाड्रेसने त्याला ४२ लाख डॉलर बोनस देऊन करारबद्ध केलं, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. ट्रेडच्या वेळी तो हाय-ए मध्ये खेळत होता आणि त्याची बॅटिंग सरासरी होती .२४५ च्या आसपास. म्हणजे १०० प्रयत्नांत साधारण २४-२५ हिट. आकडा काही भारी नाही. तरीही ‘एमएलबी पाइपलाइन’च्या यादीत तो सगळ्या प्रॉस्पेक्टमध्ये तिसऱ्या नंबरवर होता.

का? कारण स्काउट स्कोअरबोर्डच्या मागचं बघतात.

पहिली गोष्ट वय. त्या लीगमध्ये बहुतेक जण २१ ते २३ वर्षांचे असतात. अकरावीतल्या मुलाला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा पेपर दिला आणि तो पास झाला, तर मार्क किती पडले हे आपण फार बघत नाही.

दुसरी गोष्ट कौशल्यांचं ग्रेडिंग. बॅटिंग, ताकद, धावणं, थ्रो आणि फिल्डिंग या पाच गोष्टींना स्काउट २० ते ८० मध्ये मार्क देतात. ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी. पुढचे प्रत्येक १० मार्क म्हणजे एक स्टँडर्ड डेव्हिएशन. स्टॅटिस्टिक्सचा बेल कर्व्ह आठवा: ६० म्हणजे साधारण ८४ टक्के लोकांपेक्षा वर, ७० म्हणजे जवळपास ९८ टक्क्यांपेक्षा वर. ८० म्हणजे हजारात एखादा.

तिसरी गोष्ट कॅमेरे. क्रिकेटच्या डीआरएसमुळे हॉक-आय आपल्याला माहीत आहे. तीच हॉक-आय सिस्टिम २०२० पासून मेजर लीगच्या सगळ्या मैदानांवर चालते आणि आता ती मायनर लीगमध्येही पोचली आहे. बॉल बॅटवरून किती वेगाने निघाला, कोणत्या कोनात उडाला, बॉलरच्या बॉलला किती फिरकी होती, हे सगळं मोजलं जातं. जोरात मारलेला बॉल सरळ फिल्डरच्या हातात गेला तर स्कोअरबोर्डवर तो आउट दिसतो, पण डेटात ती चांगलीच बॅटिंग असते.

आता पैशात मोजू

इथून पुढे स्प्रेडशीट. बेसबॉलमध्ये ‘वॉर’ नावाचं एक माप आहे. या खेळाडूच्या जागी सहज मिळणारा साधा बदली खेळाडू ठेवला असता, तर टीमने किती मॅच कमी जिंकल्या असत्या? तो आकडा म्हणजे वॉर. खुल्या बाजारात अशी एक जास्तीची मॅच जिंकून देणारा खेळाडू घ्यायचा तर साधारण ८० लाख डॉलर किंवा त्याहून जास्त मोजावे लागतात.

प्रॉस्पेक्ट महाग का, याचं उत्तर नियमांत आहे. मेजर लीगमध्ये आल्यावर साधारण सहा वर्षं खेळाडू त्याच टीमच्या ताब्यात असतो. पहिली तीन वर्षं पगार किमानच्या आसपास. २०२५ मध्ये तो किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता. पुढची तीन वर्षं पगार वाढतो, पण बाजारभावापेक्षा बराच कमी राहतो. म्हणजे टीमला १० रुपयांचं काम २ रुपयांत मिळतं. मधले ८ रुपये म्हणजे त्या खेळाडूची ट्रेडमधली किंमत.

एक उदाहरण घेऊ. आकडे माझे, फक्त समजण्यासाठी. समजा सारख्याच गुणवत्तेचे १०० प्रॉस्पेक्ट आहेत. त्यातले १५ स्टार होतील आणि सहा वर्षांत प्रत्येकी २० मॅच जिंकून देतील. ३५ ठीकठाक निघतील, प्रत्येकी ६ मॅच. उरलेले ५० शून्य.

सरासरी काढली तर एका पोरामागे ५.१ मॅच, म्हणजे सुमारे ४ कोटी ८ लाख डॉलर. स्टारला सहा वर्षांत ४ कोटी आणि ठीकठाक खेळाडूला दीड कोटी पगार धरला, तर सरासरी पगार होतो सुमारे १ कोटी १२ लाख. तो वजा केल्यावर उरले २ कोटी ९५ लाख. पण हा फायदा आज नाही, तीन वर्षांनी सुरू होणार. दरवर्षी ८ टक्के घट धरली तर आजची किंमत होते सुमारे २ कोटी ३५ लाख डॉलर.

झालं! ‘बेसबॉल ट्रेड व्हॅल्यूज’सारख्या साइटवर फॅन्स मोबाइलवर ट्रेड जुळवून बघतात, तिथे प्रत्येक नावापुढे असाच एक आकडा दिसतो. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली की ट्रेड ‘फेअर’.

पण नीट बघा. त्या १०० पोरांपैकी २ कोटी ३५ लाखांचा एकही नाही. स्टार निघालेला टीमला १२ कोटींचा फायदा देईल आणि निम्मे जण काहीच देणार नाहीत. सरासरी खरी आहे, पण त्या सरासरीइतका एकही मुलगा अस्तित्वात नाही. ट्रेडमध्ये मात्र सरासरी मिळत नाही, एक जिवंत मुलगा मिळतो.

सहा आठवड्यांतले दोन ट्रेड

याचा सगळ्यात चांगला पुरावा पाड्रेसच्याच इतिहासात आहे.

जून २०१६. पाड्रेसने आपला अनुभवी बॉलर जेम्स शील्ड्स शिकागो व्हाइट सॉक्सला दिला. बदल्यात मिळालेल्यांत एक १७ वर्षांचा मुलगा होता, ज्याने एकही अधिकृत व्यावसायिक मॅच खेळलेली नव्हती. व्हाइट सॉक्सने वर्षभरापूर्वीच त्याला ७ लाख डॉलरमध्ये घेतलं होतं. त्याचं नाव फर्नांडो टाटीस ज्युनिअर. २०२१ मध्ये पाड्रेसने त्याच्याशी १४ वर्षांचा, ३४ कोटी डॉलरचा करार केला.

जुलै २०१६. पाड्रेसने ड्रू पोमरान्झ हा बॉलर बोस्टन रेड सॉक्सला दिला आणि अँडरसन एस्पिनोझा घेतला. हा त्या वेळी देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या तरुण बॉलरपैकी एक. मग कोपराचं मोठं ऑपरेशन झालं. सावरतोय तोवर दुसरं. २०२१ मध्ये पाड्रेसने त्याला शिकागो कब्जला देऊन टाकलं. मेजर लीगमध्ये पाड्रेससाठी त्याने एकही बॉल टाकला नाही.

एकच टीम, एकच जनरल मॅनेजर ए. जे. प्रेलर, मधे फक्त सहा आठवडे. ट्रेडच्या दिवशी कोणत्याही यादीत एस्पिनोझा टाटीसच्या कितीतरी वर होता.

या दुसऱ्या ट्रेडला एक शेपूट आहे. पोमरान्झची वैद्यकीय माहिती पाड्रेसने पूर्ण दिली नाही म्हणून लीगने प्रेलरला ३० दिवस निलंबित केलं. हा डेटाचाच मुद्दा आहे. खेळाडूबद्दल विकणाऱ्याला जे माहीत असतं ते घेणाऱ्याला नसतं. सेकंडहँड फोन घेताना बॅटरीची खरी अवस्था जुन्या मालकालाच ठाऊक असते, तसं. कॅमेऱ्यांनी खेळ दोघांनाही दिसतो, पण खांद्याच्या आत काय चाललंय ते नाही. म्हणून समोरची टीम एखादा प्रॉस्पेक्ट फार सहज देत असेल तर तीही एक माहितीच असते.

दोघांची घड्याळं वेगळी

मग पाड्रेसने डी व्रीसला देऊन चूक केली का? इथे ती बेरीज-वजाबाकी अपुरी पडते, कारण एका विजयाची किंमत सगळ्यांना सारखी नसते. ६२ ऐवजी ६६ मॅच जिंकल्या तर काहीच बदलत नाही. ८८ ऐवजी ९२ जिंकल्या तर तुम्ही प्लेऑफमध्ये पोचू शकता.

पाड्रेस १९६९ पासून खेळताहेत आणि वर्ल्ड सिरीज एकदाही जिंकलेली नाही. त्यांचे काही मोठे खेळाडू तिशी ओलांडलेले, मोठ्या करारांवर. त्यांना आज हवंय. अ‍ॅथलेटिक्सने ओकलंड सोडलंय, सध्या ते सॅक्रामेंटोजवळ तात्पुरत्या घरात खेळतात आणि २०२८ मध्ये लास वेगासला जायचा बेत आहे. २०२८ च्या सीझनला डी व्रीस २१ वर्षांचा असेल. त्यांना तेव्हा हवंय. शिवाय मिलर काही दोन महिन्यांचा पाहुणा नाही, २०२९ पर्यंत तो पाड्रेसच्या ताब्यात राहणार होता. त्यामुळे हा ट्रेड दोघांसाठीही बरोबर असू शकतो.

निकाल? पाड्रेसने त्या सीझनमध्ये ९० मॅच जिंकल्या, पण प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत कब्जकडून १-२ ने हरले. माझा सहकारी म्हणाला, “बघ, सांगितलं होतं.” मला ते पटलं नाही. एका तीन मॅचच्या सिरीजवरून पाच वर्षांचा निर्णय तपासणं म्हणजे एका युनिट टेस्टवरून अख्खं सॉफ्टवेअर पास-नापास करणं. निकाल वाईट लागला म्हणून निर्णय वाईट ठरत नाही. आणि टाटीसच्या बाबतीत निकाल चांगला लागला म्हणून कुणाला भविष्य दिसलं होतं, असंही नाही.

आकड्याच्या आतला मुलगा

एक गोष्ट या सगळ्या स्प्रेडशीटमध्ये कुठेच येत नाही. मायनर लीगमधल्या मुलाला ट्रेडबद्दल कुणी विचारत नाही. फोन येतो, बॅग भरायची आणि दुसऱ्या गावी जायचं. डी व्रीसला निदान ४२ लाख डॉलर आधीच मिळालेत, सगळ्यांना तेवढे मिळत नाहीत. मेजर लीगच्या फक्त एक पायरी खाली, ट्रिपल-एमध्ये, २०२३ पर्यंत वर्षाचा किमान पगार १७,५०० डॉलर होता. खेळाडूंनी २०२२ मध्ये युनियन केली आणि पुढच्या वर्षी पहिल्या करारात तो ३५,८०० झाला. कागदावर ज्याची ट्रेड व्हॅल्यू लाखो डॉलर, तो पूर्वी खोलीचं भाडं चार जणांत वाटून देत असे. मघाशी आपण म्हटलेले ते ‘८ रुपये’ त्याच्याच खिशातून येतात.

आणि उदाहरणातले ते ‘शून्य’ ठरलेले ५० जण? मॉडेलमध्ये तो एक आकडा आहे. प्रत्यक्षात ती पन्नास पोरं आहेत, ज्यांनी १६-१७ व्या वर्षी शाळा मागे टाकून हा रस्ता धरला.

हे मला जवळचं वाटलं, कारण असे आकडे आता आपल्यालाही लागतात. नोकरीच्या अर्जाला स्कोअर, कर्जाला स्कोअर, ऑनलाइन टेस्टला पर्सेंटाइल. पुढच्या वेळी माणसासमोर असा एखादा आकडा दिसला तर तीन प्रश्न विचारा. याच्या आजूबाजूला अंदाजाची रेंज किती मोठी आहे? हा आकडा कोणाच्या सोयीच्या घड्याळाने काढलाय? आणि यात काय मोजलंच गेलेलं नाही?

पाड्रेसचा तो ट्रेड कोणी जिंकला, हे २०२९ च्या आधी सांगता येणार नाही. सहकाऱ्याला मी तेच सांगितलंय. तो अजून रागात आहे.

तुम्ही प्रेलरच्या जागी असता तर काय केलं असतं? खाली नक्की सांगा.