‘नाटकं करतोय’ म्हणण्याआधी

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी उज्जैनला घरी गेले, तेव्हा माझा धाकटा भाऊ अकरावीत होता. आमचं मूळ वसईचं, पण पप्पांच्या नोकरीमुळे आम्ही दोघंही फ्रीगंजमध्येच वाढलो. एरवी मी पोचले की हा आधी माझी बॅग उघडून खाऊ शोधायचा. या वेळी खोलीतून बाहेरच आला नाही.

त्याचं क्रिकेट बंद झालं होतं. काही विचारलं की खेकसायचा. रात्री जागा, सकाळी पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवणं, रविवारी मिस्साला उठायचं नाही. मम्मी म्हणायची, मोबाइलमुळे. पप्पा म्हणायचे, आळस. आणि साहित्य शिकणारी, माणसांचं मन वाचायला शिकणारी मी म्हणाले, ‘नाटकं करतोय.’

हे आज लिहिताना लाज वाटते. पण लिहायला हवं, कारण हे वाक्य फक्त आमच्याच घरात बोललं जात नाही.

डिप्रेशन म्हणजे कोपऱ्यात बसून रडणं, असं चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. किशोरवयात ते पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात येतं. झोप आणि भूक बदलते, मार्क घसरतात, आवडत्या गोष्टी नकोशा होतात, डोकं-पोट दुखतं. वाईट मूड सगळ्यांचाच असतो. पण असं दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज चाललं आणि त्यामुळे शाळा-मैत्री-जेवणखाण बिघडलं, तर तो ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडून द्यायचा नसतो. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं. म्हणजे चाळीस जणांच्या वर्गात साधारण तिघं. त्या तिघांना आपण काय म्हणतो? आळशी, उद्धट, नाटकी.

आमच्या घरी आधी नोव्हेना झाली. त्याबद्दल माझी तक्रार नाही, मीही सोबत होते. तक्रार एवढीच की नऊ दिवस आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना केली आणि एकदाही त्याच्याजवळ बसून त्याला विचारलं नाही. बायबलमधला एलिया आठवा. थकून झुडपाखाली पडलेला, आता मरण दे म्हणणारा संदेष्टा. देवदूत त्याला ‘तुझा विश्वास कमी पडला’ असं सुनावत नाही. भाकरी देतो, पाणी देतो, पुन्हा झोपू देतो. उपदेश नाहीच. मग प्रार्थना आणि डॉक्टर यांतलं एकच निवडा, असा हट्ट आपण का धरतो?

शेवटी एका रात्री स्वयंपाकघरात तो पाणी प्यायला आला, तेव्हा मी विचारलं. तो म्हणाला, ‘ताई, मला वाईट पण वाटत नाही गं. काहीच वाटत नाही.’ मग मी धीर करून विचारलं, ‘मरावंसं वाटतं का?’ असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार घुसतो, ही भीती खोटी आहे. उलट बोलायला वाट मिळते. त्याला मिळाली. त्या रात्री मी त्याला एकटं सोडलं नाही आणि सकाळी मम्मी-पप्पांना सगळं सांगितलं.

उपचारात काही जादू नाही. त्रास सौम्य असेल तर समुपदेशनानेही फरक पडतो. जास्त असेल तर मानसोपचारतज्ज्ञ सोबत औषधही देतात. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला मुलावर नीट लक्ष ठेवावं लागतं, आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नसतात. खर्चाची काळजी असेल तर मध्य प्रदेशातल्या जिल्हा रुग्णालयांत ‘मन कक्ष’ आहेत. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे: १४४१६. चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं.

माझा भाऊ अजून उपचार घेतोय. काही दिवस चांगले जातात, काही नाही. परवा त्याने माझ्या फोटोवर ‘भूत’ अशी कमेंट टाकली. मम्मीने मला फोन करून ती वाचून दाखवली आणि रडली.

आपण विशीतले आहोत. आईवडिलांपेक्षा त्या वयाच्या जास्त जवळ. घरातल्या सोळा वर्षांच्या पोराचं बदलणं बहुतेक वेळा आपल्यालाच आधी दिसतं. म्हणून या सुट्टीत घरी जाल तेव्हा बंद दार दिसलं, तर ‘नाटकं’ म्हणू नका. दार वाजवा, आत जाऊन बसा. आणि गरज वाटली तर डॉक्टरकडे जाताना तुम्हीच सोबत जा.